ड्रोन एक उडवतो, कॅमेरा दुसरा बघतो: शॉट दर वेळी मध्येच का हिसकतो?

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. ड्रोन नवा आहे, वारा नव्हता, बॅटरी फुल होती, तरी गोल फिरणाऱ्या शॉटमध्ये मध्येच हिसका बसतो. क्षितिज सरळ असतं, पण फ्रेम अडखळते. हवी ती गोष्ट मधोमध आली म्हणेपर्यंत कडेला सरकते. दुकानात दाखवलं तर मशीनमध्ये काही निघत नाही. कॅलिब्रेशन करून, म्हणजे सेन्सर पुन्हा जुळवून, परत देतात आणि पुढच्या लग्नात पुन्हा तेच. अशा वेळी मी आधी एकच विचारतो: उडवत कोण होतं आणि कॅमेरा कोणाकडं होता? उत्तरात दोन माणसं आली की अर्धं निदान झालेलं असतं.

लातूर-अंबाजोगाईकडं लग्न असो, जत्रा असो, हुरडा असो की येळवस (वेळ अमावास्या), ड्रोनमागं सहसा दोघं उभे असतात. एकाचा हात बसलेला असतो, दुसऱ्याची नजर चांगली असते. ही जोडी जमली तर एकट्यापेक्षा फार चांगलं काम होतं आणि ते जास्त सुरक्षितही असतं, कारण एकाचे डोळे आभाळात राहतात आणि एकाचे स्क्रीनवर. पण बहुतेक जोड्या काम वाटून घेतात आणि ताबा कोणाकडं किती हे ठरवायचं राहून जातं.

कॅमेऱ्याचा अर्धा ताबा डाव्या अंगठ्यात असतो

आपल्याकडं बहुतेक रिमोट मोड २ मध्ये असतात. डावी स्टिक वर-खाली केली की उंची बदलते, आडवी केली की ड्रोनचं तोंड फिरतं. या तोंड फिरण्यालाच यॉ म्हणतात. उजवी स्टिक पुढं-मागं आणि बाजूला नेते. कॅमेरा वर-खाली करायची चक्री रिमोटच्या डाव्या खांद्यावर, तर्जनीखाली असते.

आता छोट्या ड्रोनचं गिंबल, म्हणजे कॅमेरा तोलून धरणारी मोटरींची चौकट, बघा. तीन अक्षांचं असलं तरी कॅमेरा डावीकडं-उजवीकडं वळवण्याचा ताबा ते तुम्हाला देत नाही. तो अक्ष फक्त हादरे गिळायला असतो. म्हणजे कॅमेऱ्यावर बसलेला माणूस "थोडं डावीकडं" म्हणाला की पूर्ण ड्रोनच वळवावा लागतो, आणि ते काम उडवणाऱ्याच्या डाव्या अंगठ्याचं. दोघांना वाटतं की एकाकडं विमान आहे आणि एकाकडं कॅमेरा. प्रत्यक्षात आडवी फ्रेम एकाकडं असते, उभी फ्रेम दुसऱ्याकडं. दोघांनी एकाच बैलाचा कासरा धरल्यासारखं ते होतं.

त्यात भर म्हणजे काही जण एकच रिमोट दोघांत वापरतात. उडवणारा दोन्ही स्टिक धरतो आणि शेजारचा हात पुढं करून चक्री फिरवतो. हे अजिबात करू नका. चक्रीवर बाहेरून दाब आला की रिमोट हातात किंचित कलतो, अंगठ्याचा दाब बदलतो आणि यॉमध्ये तोच हिसका उतरतो, जो तुम्ही घरी जाऊन मोठ्या स्क्रीनवर बघता. फ्रेम बिघडते ही लहान गोष्ट. खाली माणसं असताना उंचीच्या स्टिकला धक्का लागणं ही मोठी गोष्ट आहे.

आधी दोष कुठं आहे ते ओळखा

मोकळ्या रानात, माणसं-जनावरं दूर ठेवून, ड्रोन दहा-बारा मीटरवर स्थिर करा आणि रेकॉर्डिंग चालू करा. प्रथम दोन्ही हात स्टिकवरून काढून अर्धा मिनिट नुसतं थांबा. मग फक्त चक्रीनं कॅमेरा सरळ समोरून खाली न्या आणि परत आणा. मग चक्री सोडून फक्त यॉ द्या, हळूहळू अर्धा फेरा. शेवटी यॉ आणि चक्री एकदम. चारही तुकडे फोनवर बघू नका, घरी मोठ्या पडद्यावर बघा.

हात न लावताच पहिला तुकडा थरथरत असेल तर माणसांना दोष देऊ नका, मशीन किंवा जागा तपासा. दुसऱ्यात कॅमेरा सुरू होताना आणि थांबताना धक्का बसत असेल तर गिंबलच्या वेगाची सेटिंग चुकली आहे. तिसऱ्यात अडखळत असेल तर यॉची. तीनही स्वच्छ आणि फक्त चौथा खराब असेल तर डाव्या हाताची पकड बदलायला हवी: अंगठ्याच्या टोकावर स्टिक ढकलण्याऐवजी अंगठा आणि मधल्या बोटाच्या चिमटीत धरा, तर्जनी चक्रीला मोकळी राहते. रिमोट गळ्यात पट्ट्यानं अडकवला तर वजन बोटांवर येत नाही, हेही करून बघा. आणि चारही तुकडे चांगले आले, तरी खऱ्या शूटमध्ये हिसका येतोच, तर दोष तुमच्या दोघांच्या बोलण्यात आहे. त्याचं पुढं सांगतो.

क्षितिज वळणावर विमानासारखं तिरकं होत असेल तर गिंबल फॉलो मोडवर (क्षितिज सरळ ठेवणाऱ्या) आहे का ते आधी बघा. ड्रोनसोबत कॅमेराही कलणाऱ्या एफपीव्ही मोडवर चुकून गेलेलं असलं की असंच होतं, आणि लोक उगाच कॅलिब्रेशन करत बसतात.

आकडे एकदा मांडून बघा

येळवसीला शेतातल्या कोपीभोवती गोल फिरणारा शॉट प्रत्येकाला हवा असतो. भोवती शाळू उभा, हरभरा, मधे कडब्याची कोप, पुढं पंगत आणि आंबिलीचा बिंदगा. समजा कोपीपासून वीस मीटर लांब, बारा मीटर उंचीवर फिरताय आणि वेग सेकंदाला दोन मीटर आहे. पूर्ण फेरा साधारण १२५ मीटरचा होतो आणि त्याला मिनिटापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. त्या काळात ड्रोनचं तोंड ३६० अंश फिरायला हवं, म्हणजे सेकंदाला जेमतेम सहा अंश.

आता रिमोट बघा. डीजेआय मिनी २ सारख्या ड्रोनला नॉर्मल मोडमध्ये यॉची मूळ मर्यादा सेकंदाला ६० अंश असते, सिने मोडमध्ये, म्हणजे मुद्दाम हळू केलेल्या मोडमध्ये, ३०. म्हणजे नॉर्मलमध्ये तुम्हाला स्टिकचा फक्त दहावा हिस्सा ढकलायचा आहे आणि तो मिनिटभर तसाच धरून ठेवायचा आहे. अंगठ्यानं हे होत नाही, कोणाच्याच होत नाही. सिने मोडला तोच हिस्सा पाचवा होतो, म्हणजे काम निम्म्यानं सोपं झालं. म्हणून गोल शॉटला सिने मोड ठेवायचाच. ॲपमध्ये गेन (वेगाच्या मर्यादा) आणि एक्स्पो (स्टिक किती ढकलल्यावर किती हालचाल, ते ठरवणारी सेटिंग) असतात तिथं यॉचा कमाल वेग आणखी उतरवा आणि एक्स्पो असा ठेवा की स्टिकच्या मधल्या भागात हालचाल मवाळ राहील.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते, ती फार कामाची आहे. अंतर आणि उंची कायम राहिली तर कॅमेऱ्याचा खालचा कोन अख्ख्या फेऱ्यात बदलायचीच गरज नाही. वीस मीटर अंतर, बारा मीटर उंचीला तो सुमारे ३१ अंश बसतो आणि तसाच राहतो. पण उडवणारा नकळत आत सरकला आणि अंतर पंधरा मीटर झालं, की कोन ३९ लागतो. कॅमेऱ्यावरचा माणूस मग घाईनं चक्री फिरवतो, फ्रेम उडते, आणि बोलणी त्यालाच बसतात.

तेव्हा वाद घालण्याआधी क्लिप बघा. विषय फ्रेममध्ये वर-खाली सरकला असेल तर अंतर किंवा उंची बदलली, ते उडवणाऱ्याच्या उजव्या हातानं किंवा थ्रॉटलनं (उंचीच्या स्टिकनं) झालं. आडवा सरकला असेल तर यॉ आणि बाजूच्या चालीचा मेळ चुकला. मी पाहिलेल्या बऱ्याच भांडणांचा निकाल या एका तपासणीत लागला आहे.

गिंबलच्या सेटिंगमध्ये वेग कमी आणि स्मूदनेस जास्त ठेवतात हे बहुतेकांना माहीत असतं. पण स्मूदनेस वाढवला की बोट उचलल्यावरही कॅमेरा थोडा पुढं सरकत थांबतो. त्यामुळं बोट आधी सोडायला शिकावं लागतं. दोघांपैकी चक्री ज्याच्याकडं आहे त्यानं ती सेटिंग स्वतः करावी आणि नंतर दुसऱ्यानं तिला हात लावू नये.

एकच रिमोट असेल तर

मग ताबा वाटूच नका. उडवणं आणि चक्री दोन्ही एकाच्याच हातात. दुसरा माणूस बघणारा आणि सांगणारा. त्याचं काम कमी नाही: उड्डाणाआधी फ्रेम ठरवणं, एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) लॉक करून घेणं, आणि हवेत असताना विजेच्या तारा, घारी, धावणारी पोरं यांवर लक्ष ठेवणं. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर लाल-पिवळ्या मंडपावरून कॅमेरा हिरव्या रानाकडं वळताना रंग डोळ्यादेखत बदलतो, ते नंतर दुरुस्त करणं जिवावर येतं. शटरचंही तसंच. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओला शटर सेकंदाच्या एकपन्नासांशच्या आसपास ठेवायचं आणि भर उन्हात त्यासाठी उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावायचा. हे सगळं जमिनीवर असतानाच करायचं आणि कॅमेऱ्याच्या माणसानंच करायचं.

हवेतलं यॉ मशीनवर टाकता येत असेल तर टाका. पॉइंट ऑफ इंटरेस्ट म्हणजे एका जागेभोवती आपोआप फिरण्याची सोय ज्या ड्रोनमध्ये आहे, तिथं तोंड विषयाकडं ठेवायचं काम तोच करतो. मग दोघांत भांडायला फक्त वेग आणि चक्री उरते. लांब, एका रेषेतल्या शॉटला, म्हणजे दिंडी किंवा वरात, माझं मत वेगळं आहे. तिथं ऑटोवर विसंबू नये. गर्दीत भलत्याच माणसाला धरून ड्रोन वळतो.

उडता ड्रोन हवेत ठेवून रिमोट दुसऱ्याच्या हातात द्यायची सवय असेल तर सोडा, खाली उतरवून द्या. अगदीच वेळ आली तर ड्रोन मोकळ्या जागेवर स्थिर करा, दोन्ही स्टिक मधोमध येऊ द्या, घेणाऱ्यानं रिमोट खालून दोन्ही हातांनी धरून "घेतला" म्हणावं, आणि तो शब्द ऐकल्यावरच देणाऱ्यानं हात काढावा. जीपीएस धरलेला ड्रोन स्टिक मधे असताना जागेवर थांबतो, म्हणून हे शक्य होतं. जीपीएस नसेल, मंडपाच्या आत किंवा झाडाखाली असाल, तर नाहीच.

काय बोलायचं

इथं सगळ्यात जास्त शॉट वाया जातात. ड्रोनचं तोंड तुमच्याकडं असेल तर त्याचं डावं तुमचं उजवं होतं. स्क्रीनवर बघणाऱ्याचं डावं ड्रोनच्या तोंडाप्रमाणं असतं, आभाळात बघणाऱ्याचं स्वतःच्या अंगाप्रमाणं. दोघंही बरोबर असतात आणि ड्रोन चुकीकडं जातो. त्यावर आपल्याकडं सोपा उपाय आहे, कारण शेतात वाट सांगताना आपण डावं-उजवं म्हणतच नाही. "विहिरीकडं", "चिंचेकडं", "उगवतीला", "गावाकडं" असंच सांगतो. तेच इथं वापरा. उड्डाणाआधी जागेवर उभं राहून चार खुणा ठरवा आणि दोघांनी त्या मोठ्यानं म्हणून घ्या.

दुसरं, कॅमेरा आणि ड्रोन यांचे शब्द वेगळे ठेवा. "वर" म्हटलं की ड्रोन वर न्यायचा की कॅमेरा वर करायचा? आम्ही ड्रोनसाठी "चढ" आणि "उतर" ठेवलं आहे, कॅमेऱ्यासाठी "वर बघ" आणि "खाली बघ". जागा तीच ठेवून नुसतं तोंड फिरवायचं असेल तर "विहिरीकडं बघ", आणि सगळा ड्रोन न्यायचा असेल तर "विहिरीकडं चल". बघ आणि चल एवढा भेद पाळला तरी बरंच सुधारतं.

तिसरी गोष्ट थांबण्याची. आपल्याकडच्या जोड्या घरातल्या असतात: दाजी आणि मेव्हणा, काका-पुतण्या, मोठा भाऊ-धाकटा. उडवणारे दाजी असले की मेव्हणा संकोचून म्हणतो, "दाजी, जरा थांबता का, तिकडं तार दिसतेय." सेकंदाला पाच मीटरच्या वेगानं जाणारा ड्रोन एवढ्या वाक्यात पंधरा मीटर पुढं गेलेला असतो. म्हणून आधीच ठरवून घ्या: धोका दिसला की फक्त "थांबा!", आधी संबोधन नाही आणि नंतर कारण नाही. ऐकणाऱ्यानं स्टिक सोडायच्या, मग विचारायचं. वयानं मोठ्या माणसानं हे उड्डाणाआधी स्वतःहून सांगितलं तर धाकट्याची जीभ मोकळी होते.

आणि शेवटचा शब्द उडवणाऱ्याचा. कॅमेऱ्यावरचा माणूस "अजून थोडं, सूर्य मावळतोय" म्हणेल, पण बॅटरी किती उरली, परतायचं कधी, माणसांवरून जायचं की नाही, हे उडवणारा ठरवणार. तो "नाही" म्हणाला की हवेत वाद नाही. उतरल्यावर हवा तेवढा घाला.

दुसरी स्क्रीन लावली तरी अडतं तेव्हा

एक रिमोट, पण कॅमेऱ्याच्या माणसाला वेगळी स्क्रीन, ही जोडणी आता बरेच जण करतात. फोनची स्क्रीन वायफायवरून दुसऱ्या फोनवर किंवा टॅबवर पाठवली की चित्र उशिरा पोचतं. ड्रोनकडून येतानाच थोडा उशीर झालेला असतो, त्यात हा मिळतो. बघणारा "थांब" म्हणतो तेव्हा विषय फ्रेम ओलांडून गेलेला असतो. त्यावर हातानं कितीही सुधारणा केली तरी उपयोग नाही. रिमोटला एचडीएमआयची सोय असेल तर तारेनं मॉनिटर जोडा. नसेल तर दुसऱ्यानं शेजारी उभं राहून त्याच स्क्रीनवर बघावं, वर छत्री किंवा हूड धरून. शिवाय वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालू असेल आणि ड्रोनची जोडणीही त्याच बँडवर असेल, तर दोन्ही एकमेकांच्या पायात येतात. लग्नाच्या मंडपात पन्नास फोनांचे हॉटस्पॉट असतात ते वेगळेच. चित्र गोठलं की स्क्रीनवाल्यानं लगेच "अडकलं" म्हणायचं आणि सूचना देणं बंद करायचं.

खरोखर दोन रिमोटचा ड्रोन

मुळात ही सोय मोठ्या यंत्रांची. डीजेआयचा इन्स्पायर २०१४ मध्ये आला त्यात एक मुख्य आणि एक दुय्यम रिमोट अशी जोडी होती: पहिल्याकडं उड्डाण, दुसऱ्याकडं कॅमेरा. २०१६ च्या इन्स्पायर २ मध्ये उडवणाऱ्याला समोर बघायला वेगळा कॅमेराही मिळाला. युनीकच्या टायफून एच मध्येही टीम मोड आहे. मॅविक प्रो ला दोन रिमोट जोडता येतात, पण तिथं मुख्य रिमोटचं चालतं आणि कॅमेरा स्वतंत्रपणे वळत नाही. त्यामुळं वर सांगितलेली यॉची अडचण तशीच राहते. मिनी मालिकेत ही सोयच नाही, दुसरा रिमोट घेऊन पैसे घालवू नका.

इन्स्पायरसारख्या ड्रोनवर वारंवार येणारी तक्रार अशी की कॅमेरावाला विषय धरून ठेवतो आणि उडवणाऱ्यानं तोंड फिरवलं की फ्रेमही फिरते. इथं मशीन बिघडलेलं नसतं. गिंबल फॉलो मोडवर असलं की कॅमेरा ड्रोनच्या तोंडाशी कोन कायम ठेवतो. फ्री मोडवर टाकलं की ड्रोन कुठंही वळो, कॅमेरा आपल्या दिशेला राहतो. दोघं असतील तर फ्री, एकटा असेल तर फॉलो.

दुसरी तक्रार, दुय्यम रिमोटवरून चक्री चालत नाही. ॲपमध्ये दोन्ही रिमोटची भूमिका तपासा, दोन्हींचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) एकाच आवृत्तीवर आणा, आणि गिंबलचा ताबा मुख्य रिमोटनं स्वतःकडं घेऊन ठेवला नाही ना ते बघा. भारतात पूर्ण ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद असल्यानं जुनी यंत्रं हातोहात फिरतात. सेकंडहँड जोडीत एका रिमोटचं अपडेट झालेलं आणि दुसऱ्याचं राहिलेलं असं फार दिसतं.

स्वतः बांधलेला ड्रोन

ज्यांच्याकडं पिक्सहॉक (उड्डाण सांभाळणारा बोर्ड), आर्डुपायलट (त्यावरचं सॉफ्टवेअर) आणि एजटीएक्स सॉफ्टवेअरवर चालणारा रिमोट आहे त्यांना ही वाटणी सगळ्यात नीट करता येते. दोन रिमोट साडेतीन मिलिमीटरच्या ट्रेनर केबलनं जोडा, एक मास्टर (मुख्य), एक स्लेव्ह (दुय्यम). स्लेव्हचं रेडिओ मॉड्यूल बंद ठेवा. मग सगळा ताबा दुसऱ्याकडं देणारा ट्रेनर स्विच वापरायची गरजच नाही. मास्टरच्या मिक्सरमध्ये, म्हणजे कोणती स्टिक काय हलवते ते ठरवणाऱ्या यादीत, कॅमेऱ्याच्या चॅनेलला टीआर१, टीआर२ असे ट्रेनरचे स्रोत द्या, म्हणजे दुसऱ्याच्या स्टिक फक्त गिंबलवर चालतात आणि उड्डाणाला हात लागू शकत नाही. आर्डुपायलटमध्ये त्या चॅनेलचा आरसी ऑप्शन गिंबलच्या पिचला (वर-खाली) २१३ आणि यॉला २१४ ठेवा.

पूर्ण स्टिक देऊन शिकवत असाल, तर ट्रेनर स्विच स्प्रिंगचाच वापरा, सोडला की ताबा परत आला पाहिजे. देण्याआधी दोन्ही थ्रॉटल एका पातळीवर आहेत का ते बघा. स्टॅबिलाइज मोडमध्ये, जिथं उंची थेट थ्रॉटलवर असते, मास्टरचा थ्रॉटल अर्ध्यावर आणि स्लेव्हचा तळाला असेल, तर स्विच दाबल्या क्षणी ड्रोन दगडासारखा खाली येतो.

केबलऐवजी गिंबलला वेगळा रिसीव्हर बसवला असेल तर दोन गोष्टी. ईएलआरएस या रेडिओ जोडणीत दोन्ही रिमोटचा बाइंडिंग फ्रेज (जोडणीचा परवलीचा शब्द) एकच ठेवला की ते एकाच रिसीव्हरवर भांडतात आणि कॅमेरा वेड्यासारखा फिरतो, म्हणून फ्रेज वेगळे ठेवा. आणि सिग्नल गेला तर गिंबल जागेवरच राहील असा फेलसेफ लावा, नाहीतर कॅमेऱ्याच्या झटक्यानं हलका ड्रोन डोलतो.

आपल्या मुलखाच्या खास अडचणी

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि छोट्या ड्रोनवर कंपनीनं कमाल ४० अंश लिहिलेलं असतं. ड्रोनच्या आधी फोन हरतो: तापला की स्क्रीन आपोआप मंद होते, कॅमेरावाल्याला एक्स्पोजर दिसत नाही, तो वाढवत जातो आणि घरी येऊन आभाळ पांढरं निघतं. सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर उडवा.

काळ्या रानातला फुफाटा गिंबलच्या मोटरीत जातो. ताडपत्री अंथरून तिथूनच उडवा आणि तिथंच उतरवा. चालू करताना गिंबल स्वतःची हालचाल तपासून घेतं, त्या वेळी गवताचं पातं किंवा सोयाबीनचं खोड आडवं आलं तर मोटर ओव्हरलोडचा इशारा येतो. ट्रॅक्टरची ट्रॉली, घराचा स्लॅब, मंडपाचे लोखंडी खांब यांच्यावरून किंवा जवळून उडवलं की कंपास बिघडतो. मग स्टिक सोडूनही ड्रोन हळूहळू गोल सरकतो, फ्रेम आडवी निसटते आणि कॅमेरावाल्याला वाटतं की उडवणारा झोपला.

नियमांबद्दल थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणं २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढं दोन किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला आणि हौसेच्या मायक्रोला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. पैसे घेऊन मायक्रोनं लग्न शूट केलं तर लागतं. इन्स्पायर दोन किलोच्या वर जातो, त्याला हौसेलाही लागतं. ग्रीन झोनमध्ये (नकाशावरच्या परवानगी न लागणाऱ्या भागात) ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर इथं विमानतळ आहेत, तेव्हा सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा नकाशा बघून मगच जागा ठरवा. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद या संरक्षित जागी परवानगीशिवाय ड्रोन काढायचाच नाही.

एवढं सगळं करूनही पहिल्या चाचणीतला, हात न लावलेला तुकडा थरथरतच असेल, तर गिंबलच्या वरच्या प्लेटचे छोटे रबर डॅम्पर बघा. उन्हानं कडक होतात, पडल्यावर एखादा निसटतो, आणि एक रबर कमी असताना लटकलेला कॅमेरा कुठल्याच सेटिंगनं शांत होत नाही. बोटानं हलकेच दाबून सगळे सारखे लवचिक लागतात का ते तपासा. निसटलेला असेल तर बारीक चिमट्यानं परत बसवता येतो. चिरलेला असेल तर सगळे एकदम बदला, मग पंख्यांच्या पात्यांवर चिरा नाहीत ना ते बघा, आणि सपाट टेबलावर ठेवून गिंबल कॅलिब्रेशन एकदा करा.